इसार

अन्कूदच्या त्या मुलीला मी इसार पाठवला तेव्हा
बाबा पाव कापत होते. सुरी थांबली.
"निम्मे पैसे? अजून एक रेघही ओढली नाही तिने."
तुम्हीही निम्मे घेता, मी म्हटलं, हातोडी उचलायच्या आधी.
"मला लाकूड आणावं लागतं. ती काय आणते?"
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पाटीवर एकतीस वर्षं नुसतं
एलिसेओ कार्कामो, होड्यांची दुरुस्ती, दाल्काउए.
आता त्यात 'आणि मुलगी' एवढं घालायचं होतं,
आणि तेवढ्याला जागा करायची
तर सगळंच नव्याने मांडणं आलं.

मिलाराय वेंचुमानने अटी लिहून धाडल्या.
कच्ची चित्रं तीन. दुरुस्त्या दोन.
तिसरीपासून वेगळा हिशेब.
चित्र पाटीवर, बिलबुकावर, कामाच्या कपड्यांवर.
आणखी कुठे लावायचं तर आधी विचारा.
"विचारा?" बाबा हसले.
"पैसे माझे, आणि विचारूही मीच!"

पहिल्या चित्रात लाटा होत्या, लाटांवर होडी.
बाबांनी चष्मा पुसला, कागद खिडकीशी नेला.
"ही बुडेल.
नाळेपाशी फासळ्या विरळ आहेत,
पहिल्या उलट्या वाऱ्यात फळी उसवेल."
मी तिला तसंच्या तसं कळवलं,
एक शब्द मऊ न करता,
आणि रात्रभर वाटत राहिलं, घालवलं काम.

मंगळवारी पहिल्या बसने ती दारात,
गुडघ्यापर्यंत भिजलेली.
तीन तास तिने पेन्सिल काढली नाही.
फळ्यांच्या सांध्यांतून बोट फिरवलं,
आलेर्सेच्या सालीचा काथ्या हुंगला,
ओहोटीत उघड्या पडलेल्या गाळात उभी राहून
होडीला खालून पाहिलं,
जसं आम्ही पाहतो,
जसं गिऱ्हाईक कधी पाहत नाही.

निघताना बाबांनी तिची पिशवी भरली,
बटाटे, धुरावले शिंपले.
"उरलेल्या पैशांत हे धरू."
तिने पिशवी उंबऱ्यावर ठेवली.
"डॉन एलिसेओ, माझा घरमालक शिंपले घेत नाही."
मग पुन्हा उचलली.
"हे मी जेवायला नेते. पैसे ते पैसे."
बस वळेपर्यंत बाबा दारातच.
"भाव कळतो पोरीला," म्हणाले,
आणि ते कौतुक होतं की तक्रार
मला आजही सांगता येणार नाही.

तिसरी दुरुस्ती त्यांनीच सांगितली.
"लाटा काढून टाक म्हणावं."
काढून टाकायचेही पैसे पडतील, मी बजावलं.
"पडू देत. जुना रंग खरवडायचे
मी काय फुकट घेतो?"

शेवटचं चित्र आलं तेव्हा त्यात होडीच नव्हती.
दोन टेकू, एक किंचित कललेला.
गाळात कण्याने पाडलेला लांब चर,
आणि चरात निम्म्यापर्यंत चढलेलं पाणी.
खाली आमची दोघांची ओळ,
एकाच जाडीच्या अक्षरांत.
बाबांचा माते गार झाला.
"होडी कुठाय?"
गेली, मी म्हटलं. दुरुस्त होऊन.

त्याच रात्री पैसे चुकते केले,
एक लाख ऐंशी हजार, वर तिसऱ्या दुरुस्तीचे.

सप्टेंबरात त्यांनी शेडमागची होडी बाहेर ओढली,
स्वतःची, गिऱ्हाइकांच्या रांगेत
सदा शेवटी राहिलेली.
फळ्या बदलल्या. काथ्या ठोकला.
मग फोन हातात घेऊन,
पाण्यापलीकडच्या माणसाला हाक मारावी तसे ओरडून,
"पाटी लिहिलंय, बिलबुक लिहिलंय, कपडे लिहिलेत.
नाळेवर लावलं तर?"
किती होड्या, तिने विचारलं असावं.
"एकच."

बराच वेळ नुसतं ऐकत होते.
मग पावाच्या कागदावर काहीतरी लिहून घेतलं.
आकडा असावा.
निम्मे आजच पाठव, मला म्हणाले,
आणि सुरी शोधू लागले.