शनिवारची वही

दाराला काच आम्ही नंतर बसवली.
जुन्या चॅपेलची मागची खोली, ओकचं जाडजूड दार.
सुतार म्हणाला, कशाला भोक पाडता,
शंभर वर्षांचं लाकूड आहे.
मी म्हटलं, म्हणूनच.

ब्लायनायमध्ये सगळं पाटीच्या दगडाचं,
छपरं, पायऱ्या, दुपारी तीननंतरचं आभाळसुद्धा.
आम्ही शनिवारी दोन ते पाच जमतो.
ट्यूबलाइट घूं करते ते इथे मोठ्यांनाही ऐकू येतं
म्हणून ती लावतच नाही.
कुणी गोल गोल फिरत असेल तर खुर्च्या सरकवतो.
डोळ्यांत बघण्यावाचून कुणाचं अडत नाही.

मी सात वर्षांची होते तेव्हा मला शिकवायला एक बाई यायच्या.
हात गप्प ठेव, हेलेद.
पाहुण्यांना पापा दे. बघ त्यांच्याकडे. हास.
जमलं की जेलीची एक गोळी, बहुधा पिवळी.
मी फार लवकर शिकले.
कुणी काहीही म्हटलं तरी हो म्हणायचं.
त्या 'हो'चं पुढे काय झालं ते मी इथे सांगणार नाही.
ते कुणाच्या वहीतही नाही.

गेथिनने पुठ्ठ्याची खाण केली,
तिच्यातून पळणारी बोटभर रेल्वे.
पोरं त्याच्याभोवती पोटावर पालथी पडून राहतात, तासन्‌तास.
फेब्रुवारीत बस चुकली तेव्हा त्याने मॅक्सेनला
एकट्याला आपल्या गाडीतून घरी सोडलं.
सात मैल. वाटेत मेंढ्या आडव्या आल्या.
बाकी काही झालं नाही.
मला पक्कं माहीत आहे, काही झालं नाही.

मी लिहिलं.
तारीख, वेळ, कुठून कुठे, कुणाला विचारलं नव्हतं.
मग समितीला फोन. मला फोन जमत नाही,
वाक्यं कागदावर उतरवून घेतली आणि वाचून दाखवली,
'नमस्कार'सकट.

तूसुद्धा? गेथिन म्हणाला.
जन्मभर लोक मला बघून आपली पोरं जवळ ओढत आले.
बागेतल्या बाकावरून पोलिसांनी उठवलंय मला,
पुलावरून जाणाऱ्या गाडीचे डबे मोजत होतो नुसता.
निदान इथे तरी, हेलेद.

मला उत्तरं उशिरा येतात.
हे मंगळवारी आलं, भांडी घासताना.
कुंपणच शेत खातं म्हणतात.
तू नाही खाणार, गेथिन.
पण उद्या दुसरा कुणी येईल,
त्याच्याही हातात रेल्वे असेल,
तोही म्हणेल आपण सगळे सारखे, आपल्यात कसला नियम.
पोरांनी कसं ओळखायचं?
मी तरी कुठे ओळखलं होतं.

एवढं एका चिठ्ठीत लिहून दिलं. शेवटची ओळ खोडली.
तो तीन शनिवार आला नाही.
चौथ्याला आला, नोंदीखाली पेन्सिलने सही केली.
माझ्याशी अजून बोलत नाही.
रेल्वे चालू आहे.

आज नेस्टच्या बुटाची नाडी सुटली.
नेस्ट आठ वर्षांची. कानांवर हिरवी झाकणं,
शब्द सठीसहामासी, गळ्यात कार्डांचा जुडगा.
मी गुडघ्यांवर बसले, थोडी लांबच.
बांधू?
तिने कार्डं चाळली. परत पहिल्यापासून चाळली.
मी वाट बघितली. वाट बघणं हेच तर आमचं काम.

लाल.

हात मागे घेतले.
पडली असती तर? एकदा अडखळलीच.
पाच वाजेपर्यंत ती नाडी फरशीवर फरफटत राहिली,
तिच्यामागून माझे डोळे,
आणि माझी बोटं आपोआप हवेत गाठ मारत होती.
कुणी मला म्हणालं नाही, हात गप्प ठेव.

वहीत याला रकाना नाही.
समासात लिहिलं :
तीन चाळीस. नेस्ट नाही म्हणाली.
लाल कार्डाचा कोपरा चावलेला आहे,
नवीन करायला हवं.