झोपून कसा दिसतो

भोसरीच्या एका शेडमध्ये आमची गाडी उभी आहे.
सतरा वर्षं शाळेची पोरं वाहिली तिने,
आता तिच्या पोटात ओटा, बाक, दीड बादलीची टाकी.
भिंतीवर एक पुठ्ठा चिकटवलाय, चोवीस इंची,
विद्याधरने पट्टी लावून कापलेला.
महिनाभर आम्ही त्या पुठ्ठ्यासमोर बसून डबा खातोय.
परवा म्हणाला, बातम्या लाव.
मी पुठ्ठ्याला टिचकी मारली
आणि दोघंही जरा वेळ बघत बसलो.

आज तपकीर गल्ली.
त्याच्या खिशात वहीचं पान:
बारा व्होल्टवर चालावा, मध्ये इन्व्हर्टर नको
(तो करंट खातो आणि ढेकरही देत नाही),
तीन अँपिअरच्या आत, चार किलोच्या आत,
मागे चार भोकं, शंभर बाय शंभर,
खंबाटकीच्या वळणावर ब्रॅकेटमधून निसटायला नको.
उभा जन्म टेल्कोत गेज लावून मोजण्यात गेलेला माणूस.
मला मात्र एका फोटोवरून पसंत केलं होतं,
तोही कडेने कापलेला.

मुथांच्या पोराने सोळा टीव्ही एकदम लावले.
सोळा ठिकाणी तीच बाई तोच रस्सा ढवळत होती.
बत्तीस घ्या ना काका, चोवीस आता कोण नेतं?
"बाकापासून भिंत साडेचार फुटांवर," विद्याधर म्हणाला,
"बत्तीस लावला तर बातम्या देणाऱ्याच्या नाकातले केस मोजावे लागतील."

मी विचारलं, झोपून कसा दिसतो?
पोरगा गप्प.
अरे, रात्री बाकाचा पलंग होतो.
टीव्ही तिथेच, छताशी. आम्ही खाली, आडवे.

कुणाला सांगता येईना, तर
एकसष्टाव्या वर्षी, ओढणी सावरत,
दुकानाच्या मधोमध मी फरशीवर आडवी झाले.
अगं, अगं, म्हणाला विद्याधर.
मुथाशेठ गल्ल्यावरून उठले, पाणी आणा, पाणी,
त्यांना वाटलं चक्कर.
मग कळल्यावर त्यांनीच एक खोका फाडून
माझ्या डोक्याखाली सरकवला.
चष्मा नीट करा वहिनी, म्हणाले.

पंधरा ठिकाणी त्या बाईचा चेहरा विझला.
रस्सा डांबरासारखा, मागची भिंत राखाडी.
फक्त कोपऱ्यात, मीटरच्या खाली,
धूळ खात बसलेल्या एका बुटक्या टीव्हीवर
ती होती तशीच होती,
कोथिंबीरही हिरवीच.
हा, मी बोट दाखवलं.

आणि बोटाच्या आड आला वाकलेला विद्याधर.
छत्तीस वर्षं शेजारी पाहिलाय, समोर पाहिलाय,
रागात पाठमोरा पाहिलाय,
पण असा खालून, सोळा पडद्यांच्या उजेडात, कधीच नाही.
हनुवटीखाली दाढीचे चार पांढरे केस सुटलेले.
गळ्यापाशी एक जुना वण, करंगळीच्या नखाएवढा,
त्याची गोष्ट मला माहीत नाही.
विचारीन.
साताऱ्याच्या पुढे कुठेतरी,
सिग्नल गेला असेल तेव्हा.

बिल करताना पोरगा म्हणाला,
गाडीत लावलात तर वॉरंटी नाही हं काकू,
फक्त घरात.
घरातच लावतोय, मी म्हणाले.
पाच रुपये जास्त आले तरी परत द्यायला जाणारा विद्याधर
पंख्याकडे बघत राहिला.

बाहेर रिक्षावाले भोसरी म्हटलं की मान फिरवत होते.
खोका आमच्या दोघांच्या मध्ये,
त्यावर बाण: ही बाजू वर.
तेवढ्यात त्याला माझी पाठ दिसली, फरशीची सगळी धूळ घेऊन आलेली.
रस्त्यात हातसुद्धा न धरणारा हा माणूस,
पिशवी दाताखाली धरून
भर गल्लीत माझी पाठ झाडू लागला,
मोकळ्या पंजाने, खालून वर,
लोक बघत होते, बघू देत.