ओलीचा किलो

काट्याला दोष देऊ नका.
तो बिचारा खरंच सांगतो.
खोटं बोलते ती वही,
आणि वही माझ्या हातात होती.

अकरा वर्षं मी चहाची पानं तोलली
केरिचोच्या डोंगरात, पत्र्याच्या शेडमध्ये.
गोणीमागे एक किलो कापायचा: ओलीचा.
पाऊस असो, नसो.
भर उन्हात, पानं हातात चुरचुरत असताना
मी लिहायचे: ओल, एक किलो.
वरून हुकूम होता,
आणि वरच्यालाही त्याच्या वरून.
कापलेल्या किलोंचं पुढं काय होतं
मला ठाऊक नाही, असं मी सांगत आले.
ठाऊक होतं.
नाताळाच्या आधी साखरेचं पोतं यायचं घरी,
तोंड शिवलेलं.

रविवारी मी पहिल्या बाकावर.
आवाज माझा असा, की वरच्या पट्टीत गेला
तर छपराचे खिळे वाजतात.
पास्टर ओबादिया म्हणायचे,
सिपोरा गाते तेव्हा देवदूत वाट चुकतात.
माझ्या मागे त्याच बायका गायच्या
ज्यांची पानं मी आठवडाभर तोलली,
चिकानं काळी पडलेली बोटं जोडून.
मागे वळून मी कधी बघितलं नाही.
प्रार्थनेत मागे वळू नये, म्हणतात.

मग एका बुधवारी ताबुतानी आली.
हात सुजलेला, फडक्यात बांधलेला,
पिशवीत जेमतेम काहीतरी.
काटा म्हणाला: एक किलो दोनशे.
ओल वजा करून उरले दोनशे ग्रॅम.
दोनशे ग्रॅम! एवढी पानं तर
रांगेत ढकलाढकलीत सांडतात.
माझं पेन थांबलं.
ती म्हणाली, "लिही गं, नियमच आहे तो."
रागानं म्हणाली असती
तर मी लिहून मोकळी झाले असते.

मी लिहिलं: एक किलो दोनशे.
मागचा अराप टोनुई पुढे वाकला,
"आज ओल नाही?"
म्हटलं, "आज ऊन आहे."
रांग गप्प झाली.
चर्चमध्ये अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

वही तीन आठवड्यांत काढून घेतली.
साखर आली नाही.
नवरा दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी
भोपळ्यातलं आंबवलेलं दूध वाटीत ओतून
माझ्यापुढे सरकवलं. त्याला तेवढंच येतं.

लहानपणी गोष्ट ऐकली होती,
एका बुटक्या जकातदाराची,
येशूला बघायला उंबरावर चढलेल्या.
खाली उतरला आणि म्हणाला,
ज्याचं लुबाडलं त्याचं चौपट देईन.
त्याच्याकडे असेल बाबा.
मी रात्री चिमणीपुढे हिशेब मांडला,
अकरा वर्षं, गोण्या, किलो,
आणि आकडा इतका लांबला
की कागद उलटा करावा लागला.
चौपट सोडा, एकपटही
या जन्मात व्हायचं नाही.

म्हणून गुरुवारी मी ताबुतानीच्या मळ्यात खुडते.
तिनं मला माफ केलं का, माहीत नाही.
ती फक्त म्हणते,
"दोन पानं आणि एक कळी. जून पान घेऊ नकोस,
तुला तोलता येतं, खुडता येत नाही."
खरं आहे.
माझी बोटं आता काळी झालीत, साबणानं जात नाहीत.
रविवारी मी तिसऱ्या बाकावर बसते,
खालच्या पट्टीत गाते,
आणि पहिल्यांदाच ऐकू येतं
शेजारची बाई किती बेसूर आहे,
आणि किती मनापासून.

काल तिची गोणी घेऊन मी शेडवर गेले.
काट्यावर नवा पोरगा, मिशीही फुटली नाही धड.
त्यानं आकडा वाचला, पेन टेकवलं:
"ओल..."
"बाळा," मी म्हटलं, "जरा बाहेर बघ."
त्यानं मान वर केली.
अकरा वर्षांची माझीच मान होती ती,
आखडलेली.
वर ढग नव्हता.
पेन अजून टेकलेलंच होतं.