ऋण चिन्ह

हरिपूरला पेव उघडलं की
अण्णा आधी कंदील सोडायचे, दोरीला बांधून,
हात-हात खाली.
ज्योत आखडली की थांबायचे.
"विझला तर उतरायचं न्हाई," म्हणायचे,
"आन् न्हाई विझला तरी लगी उतरायचं न्हाई."

मी पुढं दुसऱ्याच पेवावर नोकरी केली.
तिथं कंदिलाच्या जागी दांडा.
दोन बोटं वर उचलायचा
आणि हात काढून घ्यायचा.
रेषा चढते.
चढता चढता इंधन तापतं
आणि तापलेलं इंधन आपल्याच आगीला म्हणतं, बास.
रेषा वाकते, कापत कापत टेकते.
किती जोरानं म्हणतं, एवढंच शोधायचं होतं,
दर अंशामागं किती.
इंधन लगेच बोलतं, पाणी उशिरा,
आणि कागदावर दोघांची रेघ एकच.

त्या रात्री सात पायऱ्या टिपल्या.
सहावीला पंप थरथरत होता.
मुजावर म्हणाला, राहू दे, चांगली दिसतीय.
चांगली दिसत होती म्हणूनच टाकली.
पहाटे आकडा आला,
मागं जवळजवळ त्याच्याएवढीच शंका घेऊन.
आकड्यावर दुपारपर्यंत भांडलो.
चिन्हावर कुणी बोललं नाही.
ऋण.

अण्णांना फोन केला.
हयात अडत्याच्या पेढीवर गेलेली,
ऋण म्हटल्यावर जरा गप्प झाले.
"तोटा आला व्हय गं?"
नाही अण्णा. आवरणारं कुणीतरी आत आहे, असं.
"मग बरं हाय की."

आता पेव बुजलंय. पुराचं पाणी शिरलं होतं.
तरी अंगणातून जाताना अण्णा
त्याच्या तोंडाला वळसा घालूनच जातात,
चौऱ्याऐंशीव्या वर्षी, काठी टेकत.
मी दर खेपेला थोडंसं ढकलून बघते:
माझ्याकडं चला. महिनाभर. बरं, आठवडाभर.
लगेच येतं ते "न्हाई", वाक्य संपायच्या आत.
आणि नऊ-दहा दिवसांनी कुरियरनं
हळदीची पुडी, सुतळीनं बांधलेली,
वर पेन्सिलीनं वजन: सव्वापाच छटाक.
हे उशिराचं कुठल्या खात्यात मांडू
मला अजून कळलेलं नाही.

आज परत विचारलं.
दिवाळीपर्यंत तरी, अण्णा?
हात काढून घेतलाय.
ते चष्मा पुसतायत.
अजून न्हाई म्हणाले नाहीत.
मी घड्याळ बघत नाही असं दाखवत
घड्याळ बघतेय.