बिडी

पहाटे चारला सावद्याचे, रावेरचे व्यापारी
एकदमच केळीचे भाव उघडतात
आणि आमची अठ्ठेचाळीस यंत्रं
(कुठे आहेत कोण जाणे, मी एकही पाहिलेलं नाही)
एकमेकांना विचारू लागतात:
तुझ्याकडे किती? माझ्याकडे दाटलंय, थोडं घे.

हे त्यांना मीच शिकवलंय.
रांग लांबली की झोपलेल्यांना उठवा,
ओसरली की झोपवा,
मला हाक मारू नका.

पण महिनाभर ती वेड्यासारखी वागली.
दहा उठवली, ती डोळे चोळेपर्यंत आणखी दहा,
मग सगळीच रिकामी, म्हणून पंधरा झोपवली,
की रांग पुन्हा दारात.
पडद्यावरची रेघ हिंदकळत राहिली
नवशिक्या पोरीच्या डोक्यावरच्या हंड्यागत.

देवपूरच्या खोलीत मी, दारात नाना.
एकतीस वर्षं पांझरेच्या बंधाऱ्यावर पाटकरी.
फड मोडला, चाऱ्या बुजल्या,
तरी पाळीच्या वेळेला यांची झोप उघडते.
"काबरं जागी से माय?"

मी रेघ दाखवली.
चष्मा न लावताच त्यांनी पाहिली.
"फळी उचलस आन लगेच परत हात लावस.
शेवटना वावरले पानी पोचाले येळ लागस.
फळी उचलानी, एक बिडी वढानी.
मंग दखानं."

बिडी सुटून नऊ वर्षं झाली, दम्यामुळे.
पण किती वेळ, ते बोटांना पाठ होतं.
दोन बोटं ओठांशी गेली, खाली आली, परत गेली,
मी मोबाइलवर मोजत होते.
सहा मिनिटं आणि थोडं वर.

एक ओळ वाढवली:
एकदा बदल केला की इतका वेळ
हाताची घडी घालून बसा.
ओळीचं नाव ठेवलं बिडी.
तपासताना केतकी भिरूडने विचारलं, हे काय गं?
नंतर सांगते, म्हटलं.
अजून सांगितलेलं नाही.

रेघ आताही चढते लिलावाला,
पण चढून जरा थांबते, आजूबाजूला बघते,
मग उतरते.
मला कुणी उठवत नाही.
चारला जाग येतेच.

स्वयंपाकघरात नाना पाणी पिताना भेटतात.
दोघांचंही तसं काही काम नसतं.
"शेवटले पोचनं का?"
मी अठ्ठेचाळिसावं यंत्र उघडून बघते.
पोचलं, म्हणते.

ते झोपायला जातात.
मी अजून एक बिडीभर बसते.