अवैध

हर्णैला, बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत
मी दिवसभर बिघडलेले संदेश रचते.
लांबी सांगते बेचाळीस, पाठवते सतरा बाइट.
चेकसमचा एकच आकडा फिरवते.
अक्षांशाच्या जागी शून्य, मग उणे,
मग नुसताच स्वल्पविराम.
पार्सरनं दर वेळी म्हणायचं: अवैध.
म्हणतो. हिरवी खूण. चारशे अकरा झाल्या.

चारशे बारावीला हात अडला.
बोटीचा नंबर आहे, पुढं "पाणी शिर",
आणि संपलं.
नियम सांगतो, टाकून द्या.
त्यानं टाकलं. हिरवी खूण.

खाली बाळोजी चोगले बर्फ भरून घेत होता,
खोरं थांबवायला तयार नाही.
विचारलं, वायरलेसवर असं अर्धंच आलं तर?
"अर्दा आयकू आला,
म्हंजे मानूस पुरा हाय ना तकडं."
आणि पुन्हा खोरं.

वर आले. अपेक्षित उत्तर खोडलं,
लिहिलं: नंबर ठेव, उरलेलं ठेव, हाक मार.
पार्सरला हे अजून येत नाही.
टेस्ट लाल झाली.
ती तशीच ठेवून दिवा मालवला,
पडद्यावर एवढीशी लाल,
काळोखात परतणाऱ्या बोटीच्या
डाव्या अंगाला असते तशी.