मधला अ

मंगळवारी सहा ते साडेसात, स्टॉकपोर्टमध्ये,
लायब्ररीच्या वरच्या खोलीत मी इंग्रजी शिकवते.
हीटर खोकतो. बिस्किटं नेहमी आल्याची.

इरज बहारलू, वय एकाहत्तर,
शिराझला मोजणी खात्यात होते.
त्यांना या गावाच्या नावात थेट पाऊल टाकता येत नाही.
एस्टॉकपोर्ट, म्हणतात.
स आणि ट दोघं एकदम दारात दिसले
की त्यांची जीभ आधी एक पायरी ठेवते, बारीकसा ए,
मग आत येते.
एस्ट्रीट. एस्पून. एस्कॉटलंड.
आणि त्या ए च्याही आधी, कान देऊन ऐकलं तर,
गळ्यात कडी वाजते. नुसतं उघडत नाही दार.

मी फळ्यावर स ऐवजी साप काढला.
म्हटलं, फक्त हवा सोडा, स्वर नको.
त्यांनी हवा सोडली, पुष्कळ सोडली,
आणि मग म्हणाले, ए.

हसू नये. हिंगोलीचे आमचे कंपाउंडर
इस्पिरिट लावल्याशिवाय सुई टोचत नसत.
आणि माझं नाव स्मिता.
ज्या शब्दापायी आमच्याकडे बसच्या काचा फुटतात
त्याला इथे कुणी हाक मारतं:
एस्मिता, चाय?

शब्दाच्या शेवटी मात्र तेच शूर.
जख्म.
ख वर म, मध्ये फट नाही, टाका घातल्यासारखा.
आपल्याला नाही जमलं ते.
शहर, नरम, जहर, हुकूम, जुलूम
आपल्याकडे आले तेव्हा असेच मिटलेले होते सगळे.
आपण एकेकाच्या पोटात अ सारला, कुठे ऊ,
म्हटलं, बसा ऐसपैस.
जखम तर उघडीच ठेवली.

फेब्रुवारीत ते दोन मंगळवार आले नाहीत.
तिसऱ्याला आले, मफलर न काढता बसले.
भूतकाळाचा धडा होता. त्यांनी वाक्य केलं:
मनीजेसाठी मी एक एस्टोन मागवला.
मी दुरुस्त केलं नाही.
मग स्वतःशीच, फारसीत,
कब्र.
र ऐकूच आला नाही.
ब वर ओठ मिटले ते मिटलेलेच राहिले.

काय करावं कळेना, मी आमचा म्हणून दाखवला.
कबर.
"परत."
कबर.
"तुमच्यात आत जागा आहे," ते म्हणाले,
आणि टेबलावर दोन बोटं ठेवून
ब पासून र पर्यंतचं अंतर धरून बसले,
खाली १९२ नंबरची बस येऊन गेली तरी.

पुढल्या आठवड्यात दगडावर कोरायचा मजकूर
घडी करून आणला. एस्पेलिंग तपासायला.
चार ओळी. चूक एकही नव्हती.
तरी मी दोनदा वाचला.